रेणुकाच्या फॉर्मवर तुझा नंबर

बंडू,

तुझा फोन माझ्यापुढं चार्जिंगला लावून ठेवलाय. शंभर टक्के कधीचेच झालेत, तरी वायर काढायची माझी हिंमत होत नाही. लाईट गेली तर? ताडकळसच्या लाईटचं तुला नव्यानं काय सांगू.

आज गुरुवार. उद्या संध्याकाळी शिष्यवृत्तीचं पोर्टल बंद होणार. परवा तुझं तेरावं झालं, मंडप उतरवला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मी मात्र रजा वाढवून इथंच बसलेय, तुझ्या सेंटरमध्ये, तुझ्याच खुर्चीत. लोकांना वाटतंय, आक्काला भावाचं दुःख आवरेना. ते तर आहेच रे. पण तुला खरं सांगते, मी एका पोरीच्या फोनची वाट बघत बसलेय.

रेणुकाचा फॉर्म राहिलाय, बंडू. झरीची रेणुका. आपली.

आपल्या दोघांचा धंदा कुणाला सांगितला की लोक हसायचे. तू इथं स्टँडसमोर पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचास, आणि तेच फॉर्म परभणीला कॉलेजच्या ऑफिसात, माझ्या क्लार्कच्या टेबलावर तपासायला यायचे. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकणारी या भागातली निम्मी पोरं तुझ्या हातून आलेली. भाऊ भरणार, बहीण चुका काढणार. राखीला आलास तरी ओवाळून होईपर्यंत आपलं भांडण सुरू झालेलं असायचं. आई म्हणायची, "अगं, त्याला पेढा तरी खाऊ दे."

आणि भांडण एकच. सहा वर्षं एकच.

तू प्रत्येक पोराच्या फॉर्मवर मोबाईल नंबराच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकायचास. पोर्टल उघडायला ओटीपी लागतो, तो तुझ्या फोनवर. फॉर्म परत आला तर निरोप तुझ्या फोनवर. नंबर बदलायचा म्हटलं तरी आधी जुन्या नंबराला ओटीपी जाणार, म्हणजे परत तुझ्याच फोनवर. माझ्या टेबलाच्या मागं भिंतीवर पाटी आहे, मीच लावलेली, मोठ्या अक्षरात, 'ओटीपी कुणालाही सांगू नका'. आणि माझा सख्खा भाऊ दिवसभर स्टँडसमोर उभा राहून ओटीपी ओरडून सांगणार. एकदा तर तू पूर्णेच्या बसमध्ये बसलेल्या पोराला खिडकीतून सहाच्या सहा आकडे सांगितले होतेस, अख्ख्या बसला पाठ झाले असतील!

मी म्हणायची, "अरे, हे नियमात बसत नाही."

तू म्हणायचास, "आक्का, तू लय नियम सांगायलीस. ही पोरं दर तीन महिन्याला सिम बदलायलीत. रिचार्ज संपला की नंबर बंद. निरोप कुणाला जायचा मग?"

"आणि उद्या तूच नसलास तर?"

"मी कुठं चाललोय?"

दरवेळी हेच. डोळे मिचकावून, चहाचा कप तोंडाला लावून, "मी कुठं चाललोय?"

तुझ्या हट्टाचं मूळ मला माहीत होतं, म्हणून मी कधी फार ताणलं नाही. तूही कॉम्प्युटरलाच गेला होतास. घरात कुणी त्या यंत्राला हात लावला नव्हता तेव्हा तू पहिल्या वर्षाला चांगल्या मार्कांनी पास झालास. शिष्यवृत्तीच्या कागदात काहीतरी राहिलं होतं. तुझ्याकडं फोन नव्हता म्हणून फॉर्मवर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा नंबर दिला होता. कॉलेजातून फोन आला, दुकानदारानं घेतला, आणि सांगायचं विसरला. बस, एवढंच. तारीख गेली, शिष्यवृत्ती गेली, दुसऱ्या वर्षाचा प्रवेश गेला. तू त्या माणसाला कधी एक शब्द बोलला नाहीस. मला मात्र म्हणालास, "आक्का, नंबर कुणाचा का असंना. निरोप देणारा माणूस पाहिजे." पुढं तू सेंटर टाकलंस आणि तोच माणूस होऊन बसलास.

हे तुझं बरोबर होतं की चूक, ते मला आजही ठरवता येईना. चूक असं म्हणावं, तर आज एकदा तरी तसं ठणकावून म्हणायचा माझा हक्क आहे, कारण तू गेलास आणि सगळ्या पोरांचे ओटीपी घेऊन गेलास. मेल्या, असं तोंडात येतं आणि मी जीभ चावते. लहानपणापासून तुला तीच हाक मारली, आता दुसरी कुठून आणू?

पहिले आठ दिवस तर हा फोन बंदच होता. तुझ्या लतानं बंद करून कपाटात, तुझ्या शर्टांच्या खाली ठेवला होता. तिचं तरी काय चुकलं? तुला खाली ठेवलं होतं तेव्हाही तो वाजत होता. "दादा, आला का?" "दादा, फॉर्म उघडंना." कुणी तिकडून बोलायचं आणि ही इकडून रडायची.

नवव्या दिवशी एक बाप-लेक भेटायला आले. बाप ओसरीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, तुझं चांगलं चांगलं बोलला. पोरगा खाली मान घालून अंगठ्यानं फरशी घासत होता. चहा झाला, तरी उठेनात. दुसरे आले, तेही तसेच. लोक येतात, बसतात, उठत नाहीत. माझ्या एकदम ध्यानात आलं, बंडू. ही सगळी माणसं तुझ्यासाठी आलीत हे खरंच, पण प्रत्येकाच्या घरी एक फॉर्म अडकलाय, आणि तेरावं व्हायच्या आत मेलेल्या माणसाचा फोन कसा मागायचा म्हणून तोंड उघडवत नाही कुणाला.

मागायचं मलाच होतं. मी लताजवळ जाऊन बसले. कसं सांगावं कळेना. शेवटी सरळ म्हटलं, "लता, फोन लागतोय."

ती म्हणाली, "आक्का, तुमाला आजबी फॉर्मच दिसायलेत का?"

लागलं मला. लागायलाच पाहिजे होतं. मी उठून मागच्या दारी गेले आणि तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळानं ती स्वतःच आली, हातात फोन, चार्जरसकट. म्हणाली, "ते असते तर कवाच दिला असता. घ्या. पण आवाज बारीक ठेवा."

फोन उघडत नाही, पॅटर्न तुझ्या बोटालाच ठाऊक. पण मेसेज आला की वरच्या वर दिसतो, तेवढं पुरे होतं. तुझ्या वहीत पोरांची नावं होती. एकेकाला बोलावलं, ओटीपी सांगितले, फॉर्म पुरे केले, आणि प्रत्येकाचा नंबर बदलून त्याच्या आईचा, बापाचा, ज्याचा धड चालतो त्याचा टाकला. माझ्याच पाटीच्या विरुद्ध, हार घातलेला तुझा फोटो समोर, आणि मी ओसरीवर बसून आकडे ओरडतेय, "सात! सात! शून्य!" दोन दिवसांनी लता आवाज मोठा करून माझ्या शेजारी येऊन बसली. तिचं वाचणं माझ्यापेक्षा स्पष्ट आहे.

सगळे झाले. रेणुका राहिली.

कॉलेजच्या यादीत तिचा नंबर बघितला आणि नीट न बघताच माझ्या फोनवरून लावला. लागला. रिंग जायला लागली. आणि मांडीजवळ तुझा फोन वाजायला लागला. वर 'आक्का' असं नाव, आणि राखीच्या दिवशीचा माझा फोटो. मला क्षणभर कळेच ना. वाटलं, तूच उचलशील. मी तशीच दोन्ही फोन हातात घेऊन बसले, ते वाजून वाजून बंद पडले. तिथंही तू तुझाच नंबर दिलाय! कॉलेजच्या यादीत, वसतिगृहाच्या यादीत, बँकेच्या कागदावर, सगळीकडं तूच.

वर्गातल्या पोरींना विचारलं. परीक्षा संपली तेव्हाच तिचा फोन पाण्यात पडला, तेव्हापासून ग्रुपवर नाही. काल बसनं झरीला जाऊन आले. घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, सगळे पुण्याकडं कामाला गेलेत, सुट्टी होती म्हणून पोरगीबी गेली. नंबर होता, तो लागत नाही. माझी घालमेल बघून ती बाई मलाच समजवायला लागली, "त्यात एवढं काय हाय बाई? ताडकळसच्या बंडूदादाला लावा की फोन. त्याला सगळ्यांचं माहीत असतंय."

मी "बरं" म्हटलं आणि स्टँडवर आले. तिला सांगितलं नाही.

आता जे सांगायचंय ते. रेणुकाचा फॉर्म अडलाय तो माझ्यामुळं. तू चुकून तिला जुन्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला जोडलास. दुसरी कुठली वेळ असती तर मी तुला फोन करून चार शिव्या दिल्या असत्या आणि तू पाच मिनिटांत नवा टाकला असतास. पण आदल्या आठवड्यात याच नंबरांवरून आपलं वाजलं होतं. मी सगळ्या ऑफिससमोर तुला बोलले होते, "असली कामं करायची असतील तर माझ्या कॉलेजचे फॉर्म भरू नकोस." तू फायली उचलून गेलास. फोन नाही, काही नाही. मग मीही तिरसटपणानं फॉर्म परत पाठवला, आणि शेऱ्यात लिहिलं, 'अर्ज काळजीपूर्वक भरावा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तू याच खुर्चीत छाती चोळत लताला म्हणालास, गॅस हाय, सोडा आण. ती सोडा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी बीपीची गोळी घेते म्हणून तू मला हसायचास ना, "आक्का गोळ्यावर चालायली" म्हणून? तुला एकदा तरी तपासून घे म्हणाले होते. ते भांडणही अर्धंच राहिलं.

म्हणजे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं ते, बंडू. 'अर्ज काळजीपूर्वक भरावा.' चाळीस वर्षांचं भाऊ-बहिणीचं नातं आणि शेवटचं वाक्य हे, तेही पोर्टलवर. तू ते वाचलंस की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. वाचलं असशील तर दुखलं असेल. नसेल वाचलं तर पोरीचं काम तुझ्या कानावरही आलं नाही. दोन्हीकडून माझंच मरण.

ते पोर्टल काय मला विचारून बंद होणार नाही. शिष्यवृत्ती हुकली तर शेवटच्या वर्षाची फी तिच्या बापाच्यानं होणार नाही, आणि पोरगी तिकडंच कुठल्या तरी कंपनीत पॅकिंगला लागली की परत कॉलेजात यायची नाही. तू परत आलास का? आणि ही कोण पोरगी? तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून तुला तारखांचा प्रोग्राम लिहून देणारी. फॉर्म राहिला की नाव लाल, झाला की हिरवं. तो प्रोग्राम आत्ता माझ्यासमोर उघडा आहे. सगळी नावं हिरवी, आणि जिनं लिहिला तिचं एकटीचं लाल.

दुपारी लता चहा घेऊन आली. तिनं तो लाल रंग बघितला आणि विचारलं, "ही ती दाखल्यावाली का?"

मी म्हटलं, "कोणता दाखला?"

तिनं खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत रेणुकाचा नव्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, वर तुझ्या हातची चिठ्ठी, 'आक्काला'. लता म्हणाली, "त्या दिवशी सकाळीच हुडकून ठेवला. हसायलते एकटेच. मी विचारलं, काय झालं, तर म्हणले, आक्कानं शेरा मारून फॉर्म परत धाडला. बरं झालं, बोलायली म्हणजे राग गेला तिचा."

मी चहा तसाच ठेवला आणि मोठ्यानं रडले. इतक्या दिवसांत अशी रडले नव्हते. लता पाठीवरून हात फिरवत राहिली, जिचा नवरा गेलाय ती. तुझी सगळी माणसं अशीच आहेत, उलटी.

दाखला आहे, स्कॅनर आहे, मी आहे. रेणुका नाही. पासवर्ड तुझ्यामागं आता तिलाच ठाऊक, तिच्याशिवाय काही होत नाही. तिला तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा नंबर पाठ असेल का? नसणार. म्हणून मी तुझा फोन पुढं घेऊन बसलेय. फोन वाजला की झडप घालून उचलते. आत्ता एक आला, कुणीतरी कर्ज पाहिजे का विचारत होतं. त्या बाईवर मी अशी ओरडले की ती परत फोन करायची नाही बघ.

*

हे कालचं. आज शुक्रवार. पुढचं लिहिते.

सकाळी काही नाही. दहा, अकरा, बारा. लताला म्हटलं, आपण हे उगीच करतोय. ती म्हणाली, "जेवून घ्या." मी ताट झाकून ठेवलं. दोन वाजता लाईट गेली. तुझी ती जुनी बॅटरी कुरकुर करत कॉम्प्युटर ओढत होती. मी देवाला नाही, तुलाच शिव्या देत होते.

सव्वादोनला अनोळखी नंबर.

"दादा, रेणू बोलायलेय. माझा फोन गेला व, हा दुसऱ्याचा हाय. फॉर्मचं काय झालं? आज शेवटची तारीख हाय ना?"

मागं कसली तरी मशीन चालू होती.

"दादा? आयकू यायलंय का?"

"रेणुका, मी आक्का. कॉलेजातली."

"मॅडम? दादा कुठंयत?"

"सांगते. आधी फॉर्म. पासवर्ड सांग."

तिनं सांगितला. माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा कुणाचा पासवर्ड विचारला. तुझ्या फोनवर ओटीपी आला, लतानं वाचला, मी टाकला. दाखला जोडला. मग नंबराच्या रकान्यावर आले. तुझा नंबर तिथं होताच. मी तो खोडून विचारलं, "हा कुणाचा फोन आहे? हाच टाकू?"

"नको मॅडम, हा मुकादमाचा हाय. काम संपलं की तो जाणार."

"आईचा?"

"बंद हाय."

"वडिलांचा?"

"त्यांच्याकडं न्हाईच." आणि मग अगदी सहज म्हणाली, "दादाचाच राहू द्या की."

मी म्हटलं, "दादाचा आता ठेवता येत नाही, रेणुका."

हुशार पोरगी, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "कवा?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. ती रडायला लागली आणि मागून कुणीतरी तिला कामाला हाक मारत होतं. मी म्हटलं, "फोन ठेवू नकोस, अजून एक ओटीपी आहे."

आणि रकाना रिकामा होता, बंडू. बॅटरी कुरकुरत होती. सहा वर्षं ज्याच्यावरून मी तुझं डोकं खाल्लं, तो रकाना. तिच्याकडं स्वतःचा नंबर नाही, तिच्या घरात कुणाकडं नाही, पोर्टलला मात्र दहा आकडे पाहिजेत. तू हे दिवसातून दहा वेळा बघत होतास आणि मी तुला नियम वाचून दाखवत होते.

मी माझा नंबर टाकला.

ओटीपी तुझ्या फोनवर आला, शेवटचा. लतानं वाचला. मग माझ्या फोनवर मेसेज आला, 'आपला मोबाईल नंबर यशस्वीरीत्या नोंदवला आहे'. फॉर्म गेला. माझ्या लॅपटॉपवर क्लार्कचं लॉगिन उघडून मी तो तपासला, अगदी काळजीपूर्वक, आणि मंजूर केला. प्रोग्राममधलं नाव लतानं हिरवं केलं. मी तिलाच म्हटलं, तू कर.

फोन ठेवताना रेणुका म्हणाली, "मॅडम, कॉलेज सुरू झालं की येते मी. तवर काही आलं तर तुमी सांगताल ना?"

"सांगीन," म्हटलं. "मी कुठं चाललेय?"

आणि बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. हे वाक्य कुणाचं आहे, आणि ते म्हणणाऱ्याचं काय झालं, हे मला त्या खोलीत दुसऱ्या कुणापेक्षा जास्त माहीत होतं. रेणुकाचं अजून एक वर्ष आहे. तेवढं वर्ष माझा फोन बंद पडून चालायचं नाही, आणि मीही.

तेराव्याच्या गडबडीत चार दिवस बीपीची गोळी राहिली होती. लताकडून पाणी मागून घेतलं आणि तुझ्या खुर्चीत बसून आजची गोळी घेतली. हसायचं असलं तर हस.

तुझी
आक्का